गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग: खोली पट्टीनं मोजायची, स्टेननं नाही

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग स्नायूत शिरलाय की नाही, हे ठरवणारा एखादा स्टेन, म्हणजे ऊतीतलं विशिष्ट प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी, आहे का? पॅथॉलॉजी शिकणारे विचारतात, स्त्रीरोगतज्ज्ञ विचारतात, आणि हल्ली रिपोर्ट हातात घेऊन नेटवर शोधणारे नातेवाईकही विचारतात. उत्तर 'नाही' असंच आहे. शिरकाव एचअँडईच्या (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाईडवर ओळखायचा आणि पट्टीनं मोजायचा. प्रथिनांचे स्टेन दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात: ही गाठ कोणत्या स्वभावाची आहे? हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की रिपोर्ट बिघडतो.

घोटाळ्याचं मूळ शरीररचनेत आहे. आतड्यात आवरण आणि स्नायू यांच्यामध्ये सबम्यूकोसाचा थर असतो, गर्भाशयात तसं काही नसतं. अस्तराचा तळचा थर थेट स्नायूवर टेकलेला असतो. ही सीमा निरोगी गर्भाशयातही सरळ नसते, शेताच्या जुन्या बांधासारखी आत-बाहेर होत जाते. त्यात अ‍ॅडेनोमायोसिस असेल, म्हणजे अस्तराची बेटं स्नायूत आधीपासूनच रुतलेली असतील, तर कर्करोग त्या बेटांमध्ये पसरतो आणि स्नायूच्या मध्यावर कर्करोगाच्या ग्रंथी दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं खोल शिरकाव झाला. प्रत्यक्षात तो झालेला नसतो, कारण त्या ग्रंथी अजून अस्तराच्याच घरात असतात.

इथं सीडी१० हा स्टेन मदतीला येईल असं वाटतं. अस्तराच्या स्ट्रोमा पेशी, म्हणजे ग्रंथींमधल्या आधार-ऊतीच्या पेशी, सीडी१०नं रंगतात. मग ग्रंथींभोवती तपकिरी कडं दिसलं तर अ‍ॅडेनोमायोसिस, नाही दिसलं तर शिरकाव, असा हिशोब मांडायचा. कागदावर हा हिशोब सुरेख आहे, पण चुकीचा आहे. कर्करोगाच्या ग्रंथी खरोखर स्नायूत घुसल्या तरी त्यांच्याभोवतीच्या पेशी सीडी१० दाखवू लागतात आणि तसंच कडं तयार होतं. हे २००३पासून छापून आलेलं आहे, तरी अजून कुणीतरी 'सीडी१० पॉझिटिव्ह, त्यामुळे शिरकाव नाही' असं लिहितं. हे वाक्य रिपोर्टात नको. त्याऐवजी एचअँडईवर पाहायचं: त्या बेटात कुठं एखादी निरोगी ग्रंथी उरली आहे का, बेटाची कड गोल आणि गुळगुळीत आहे का, आसपास अस्तराचा स्ट्रोमा दिसतो का. उलट ग्रंथींच्या कडा दातेरी असतील, भोवतीचा भाग सुजून फिकट झाला असेल आणि त्यात दाहाच्या पेशी जमल्या असतील, तर तो शिरकाव. काही गाठी मात्र भोवती कसलीच प्रतिक्रिया न उठवता गुपचूप घुसतात. त्यांच्यासाठी ग्रंथींची विस्कळीत मांडणी आणि त्या जिथं असायला नकोत तिथं असणं, एवढाच पुरावा हाताशी असतो.

आता बरणीबद्दल, कारण निम्मे घोटाळे तिथंच होतात. काढलेलं गर्भाशय अखंड, न उघडता, तोंड अरुंद असलेल्या बरणीत कोंबून पाठवलं की पुढचा कोणताही स्टेन भरवशाचा राहत नाही. फॉर्मॅलिन ऊतीत ताशी जेमतेम एक मिलिमीटर जातं, तेही सुरुवातीला. दोन सेंटिमीटर जाडीची भिंत बाहेरून भिजेपर्यंत आतलं अस्तर सडायला लागलेलं असतं, आणि गाठ तर नेमकी आतच असते. म्हणून गर्भाशय काढल्यावर शक्यतो तासाभरात दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या ३ आणि ९च्या रेषेत, ग्रीवेपासून (गर्भाशयमुखापासून) माथ्यापर्यंत उघडायचं. दोन भागांमध्ये गॉज किंवा टिपकागद ठेवायचा, म्हणजे फॉर्मॅलिन आत पोचतं. फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान दहा पट हवं आणि ते बफर केलेलं हवं. एक लिटरसाठी बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नळाच्या पाण्यात नुसतं फॉर्मॅलिन मिसळून काम भागत नाही. ते आम्लधर्मी होत जातं, स्लाईडवर काळपट कण बसतात आणि केंद्रकातली प्रथिनं दुबळी रंगतात. एकूण फिक्सेशन ६ ते ७२ तास. कमी पडलं तर सेक्शनच्या (स्लाईडवरच्या पातळ कापाच्या) मधोमध रंग येत नाही, फार लांबलं तर अँटिजेन उघडायला त्रास होतो.

ग्रॉसिंगच्या (डोळ्यांनी पाहून नमुना कापण्याच्या) वेळी बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावायची आणि साधारण पाच मिलिमीटरवर आडवे काप घ्यायचे. जिथं गाठ डोळ्यांना सर्वांत खोल गेलेली दिसते तिथला संपूर्ण जाडीचा काप ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) जायला हवा, अस्तरापासून शाईपर्यंत. भिंत काप ठेवायच्या कॅसेटपेक्षा जाड असेल तर कापाचे दोन तुकडे करून '३अ आतला, ३ब बाहेरचा' अशी नोंद ठेवायची, नाहीतर स्लाईडवर एकूण जाडी मोजताच येत नाही. शिवाय शेजारचा, गाठ संपून निरोगी अस्तर सुरू होतं तो सांधाही एका ब्लॉकमध्ये घ्यायचा. अस्तर आणि स्नायू यांची मूळ रेषा कुठून जात होती, हे तिथूनच कळतं.

मोजमापातली सर्वाधिक होणारी चूक अशी. गाठ पोकळीत ८ मिलिमीटर फुगलेली आहे, स्नायूत ५ मिलिमीटर शिरलेली आहे आणि त्या जागी स्नायूची जाडी १४ मिलिमीटर आहे. बरोबर हिशोब ५ भागिले १४, म्हणजे सुमारे ३६ टक्के. गाठीच्या माथ्यापासून पट्टी धरली तर १३ भागिले २२, म्हणजे ५९ टक्के. स्लाईड तीच, बाई तीच, पण शिरकाव अर्ध्यापेक्षा कमीवरून जास्तीवर गेला आणि पुढचा सल्लाही बदलला. पट्टी अस्तर-स्नायू सीमेवरच ठेवायची. फायब्रॉइडची जाडी भिंतीत धरायची नाही. रक्तवाहिनीत सापडलेला गाठीचा पुंजका कितीही खोल असला तरी तो शिरकावाची खोली ठरवत नाही. अ‍ॅडेनोमायोसिसच्या बेटातून खरा शिरकाव सुरू झाला असेल, तर त्या बेटाच्या कडेपासून मोजायचं. बीजनलिकांजवळच्या कोपऱ्यांत भिंत मुळातच पातळ असते. तिथं दोन मिलिमीटरची गाठही मोठी टक्केवारी दाखवते. अशा वेळी नुसती टक्केवारी न लिहिता मिलिमीटरही लिहिलेले बरे.

खोलीच्या कामात एक स्टेन खरोखर उपयोगी पडतो, तो म्हणजे केराटिन. तो 'शिरकाव आहे की नाही' हे सांगत नाही, 'पेशी कुठंवर पोचल्यात' हे दाखवतो. कमी ग्रेडच्या एंडोमेट्रिऑइड (या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारातल्या) गाठींमध्ये मेल्फ नावाचा एक नमुना दिसतो, ज्याचं वर्णन २००३ साली प्रथम झालं: बारीक पुटकुळ्यांसारख्या, लांबट, तुटक ग्रंथी, भोवती पांढुरका सुजलेला स्ट्रोमा आणि ग्रंथींच्या पोकळीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. त्यांच्या पेशी इतक्या चपट्या होतात की रक्तवाहिनीच्या अस्तरासारख्या दिसतात, आणि गाठीचं सर्वांत खोल टोक नजरेतून निसटतं. केराटिन ७ किंवा सर्वसमावेशक केराटिन लावलं की त्या उजळून दिसतात. याच आघाडीवर प्रथिनांचा पोत बदलतो: पेशींना जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पुसले जातात, सायक्लिन डी१ आणि पी१६ वाढतात. म्हणून इस्ट्रोजेन रिसेप्टर वाचताना फक्त मेल्फच्या भागाकडे पाहून 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, गाठीचा मुख्य भागही पाहायचा. मेल्फ असलेल्या गाठींच्या लसिका ग्रंथींत एकेकट्या पेशी सापडतात आणि त्या हिस्टिओसाइट या भक्षक पेशींसारख्या दिसतात. तिथंही केराटिन लावल्याशिवाय 'लसिका ग्रंथी मोकळ्या' असं लिहिणं धोक्याचं.

शिरकावाची प्रथिनं म्हणून शोधनिबंधांत ज्यांची नावं सतत येतात, त्यांच्याबद्दलही थोडं. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं तळपटलातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजन कातरतात, टिम्प त्यांना आवरतात. स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब१ ही ई-कॅडहेरिनचं जनुक दाबतात आणि पेशी एकमेकींचा हात सोडतात. जीवशास्त्र म्हणून हे सगळं खरं आहे. रोजच्या रिपोर्टात त्याला जागा नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. एमएमपी पेशीबाहेर टाकलं जातं, ते स्ट्रोमा आणि न्यूट्रोफिलही बनवतात, आणि स्टेनला निष्क्रिय पूर्वरूप आणि काम करणारं विकर यांतला फरक कळत नाही. सक्रियता पाहायची तर जिलेटिन झायमोग्राफी लागते, तिला ताजी गोठवलेली ऊती लागते, आणि मेणाच्या ब्लॉकमधून ती मिळत नाही. 'एमएमपी-९ तीव्र पॉझिटिव्ह' असं लिहून उपचाराचा निर्णय बदलत नाही, फक्त बिल वाढतं.

मग रिपोर्टात कोणती प्रथिनं हवीत? गाठ रोखणारं पी५३, डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी चार मिसमॅच रिपेअर प्रथिनं आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर. २०१३ साली टीसीजीए या कर्करोग-जनुकांच्या अमेरिकी प्रकल्पानं या कर्करोगाचे जनुकीय पातळीवर चार गट पाडले, आणि दैनंदिन प्रयोगशाळेत त्यांची नक्कल पी५३, मिसमॅच रिपेअर आणि डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराच्या पोल-ई जनुकाची तपासणी यांवर होते. पोल-ईसाठी स्टेन नाही, सिक्वेन्सिंगच करावं लागतं.

स्टेनिंगची कृती कुठल्याही केंद्रकी प्रथिनासारखीच. ३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन भारित स्लाईडवर घ्यायचे आणि ६० अंशांवर तासभर भाजायचे. झायलीन आणि उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाण्यात आणायचे. अँटिजेन उघडण्यासाठी ट्रिस-ईडीटीए पीएच ९मध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच भांड्यात २० मिनिटं निवू द्यायचं. घाईनं थंड पाणी ओतलं की सेक्शन सुटतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, प्राथमिक अँटिबॉडी, पॉलिमर, तपकिरी रंग देणारं डॅब, आणि शेवटी हलकं हिमॅटॉक्सिलिन. हलकंच, कारण गडद निळ्यात फिकट तपकिरी बुडून जातो. अँटिबॉडीचा थेंब सेक्शनच्या कडेपर्यंत पोचला नाही किंवा कडा वाळल्या, तर कडेचा रंग खोटा असतो. कडेच्या पेशी मोजायच्याच नाहीत.

पी५३ हा सर्वांत जास्त चुकवला जाणारा स्टेन आहे, कारण तो 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' या भाषेत बसत नाही. निरोगी पी५३ पेशीत बनतं आणि लगेच मोडलं जातं, त्यामुळे स्लाईडवर खिचडी दिसते: काही केंद्रकं कोरी, काही फिकट, मोजकी गडद. जनुकात एका अक्षराचा बदल होऊन प्रथिन टिकाऊ झालं की ते साचतं. मग ८० टक्क्यांहून अधिक केंद्रकं एकसारखी गडद दिसतात. प्रथिन मधेच तुटलं तर ते दिसतच नाही, गाठ पूर्ण कोरी राहते. म्हणजे 'शून्य' हासुद्धा असामान्य निकाल आहे. 'पी५३ निगेटिव्ह' वाचून सुटकेचा निःश्वास टाकणारे डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही फसतात. क्वचित केंद्रकाऐवजी पेशीद्रवात रंग दिसतो, तोही असामान्यच. रिपोर्टात 'सामान्य नमुना' किंवा 'असामान्य नमुना' आणि त्याचा प्रकार, एवढंच लिहावं.

कोऱ्या गाठीवर विश्वास कधी ठेवायचा? शेजारच्या स्ट्रोमा पेशी आणि लिम्फोसाइट फिकट का होईना रंगलेल्या असतील तेव्हाच. त्याही कोऱ्या असतील तर स्टेन फसलाय, गाठ नाही. उलट अँटिबॉडी जास्त घट्ट झाली की निरोगी नमुनाही गडद दिसतो. नवी बाटली उघडली की स्ट्रोमातल्या पेशी फिकट दिसतील इतपतच तीव्रता जमवून घ्यायची.

मिसमॅच रिपेअरची चार प्रथिनं जोड्यांनी जगतात. एमएलएच१ गेलं की त्याच्या आधारावर टिकणारं पीएमएस२ही जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं. म्हणून पैसे कमी असतील तर पीएमएस२ आणि एमएसएच६ हे दोनच स्टेन लावून सुरुवात करता येते. एखादं हरवलेलं दिसलं की त्याचा जोडीदार लावायचा. एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही नसतील तर पुढची पायरी एमएलएच१च्या प्रमोटरचं मिथायलेशन तपासणं, म्हणजे ते जनुक रासायनिक खुणेनं बंद पडलंय का हे पाहणं. या कर्करोगात बहुतेक वेळा तेच सापडतं आणि आजार आनुवंशिक नसतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातली बीआरएएफ तपासणी इथं मागवून उपयोग नाही, कारण तो बदल अस्तराच्या कर्करोगात क्वचितच असतो. मिथायलेशन नसेल, किंवा एमएसएच२, एमएसएच६ अथवा एकटं पीएमएस२ हरवलं असेल, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजारासाठी रक्ताची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन. तिथून प्रश्न बहिणी, मुलं, आतड्याची दुर्बीण तपासणी यांच्यापर्यंत जातो. वाचताना इथंही तोच नियम: स्ट्रोमा रंगलेला नसेल तर 'हरवलं' म्हणायचं नाही. एमएलएच१मध्ये केंद्रकात नुसते ठिपके दिसले तर तो रंग खरा नाही, ते हरवलेलंच समजायचं. गाठीचा एखादाच पट्टा कोरा असेल तर तसं स्पष्ट लिहायचं.

एल१कॅम ही मुळात मज्जातंतूंची चिकटरेणू. दहा टक्क्यांहून जास्त गाठपेशींच्या पटलावर ती दिसली तर पॉझिटिव्ह मानतात, आणि अशा गाठी पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त असते. कंट्रोल, म्हणजे स्टेन नीट लागल्याची खूण, शोधायला लांब जायला नको, स्नायूतल्या बारीक मज्जातंतूंच्या फांद्या रंगलेल्या दिसायला हव्यात. बीटा-कॅटेनिन केंद्रकात दिसलं तर सीटीएनएनबी१ जनुकातल्या बदलाचा संशय घ्यायचा. पण स्क्वेमस मोरुलांमध्ये (चपट्या पेशींच्या गोल पुंजक्यांत) ते केंद्रकात दिसतंच, तेव्हा ग्रंथींत पाहायचं. हर२ सिरस या आक्रमक प्रकारात आणि पी५३ असामान्य असलेल्या गाठीत लावावा. स्तनाच्या सवयीनं पूर्ण गोल कडं शोधू नये, इथं रंग पेशीच्या तळाला आणि बाजूंना इंग्रजी 'यू'च्या आकारात येतो आणि पोकळीकडची बाजू कोरी राहते.

रक्तातल्या एचई४ आणि सीए-१२५ या प्रथिनांबद्दल दोनच ओळी. खोल शिरकाव असलेल्या स्त्रियांच्या गटात एचई४ सरासरीनं जास्त असतं, पण वय वाढलं किंवा मूत्रपिंड मंदावलं तरी ते वाढतं. सीए-१२५ अ‍ॅडेनोमायोसिसनंही वाढतं. एका बाईच्या भिंतीतली खोली त्यावरून ठरत नाही, शस्त्रक्रियेआधी त्यासाठी एमआरआय बरा.

रक्तवाहिन्यांतला शिरकाव वेगळा मोजायचा. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३च्या टप्प्यांच्या वर्गीकरणात पाच किंवा अधिक वाहिन्या म्हणजे लक्षणीय. सीडी३१ आणि डी२-४० वाहिनीची भिंत दाखवतात, पण आतला पुंजका खरा की शस्त्रक्रियेत गर्भाशय हलवणाऱ्या उपकरणानं दाबून घुसलेला, हे ते सांगत नाहीत. गाठीचे सुटे तुकडे स्नायूतल्या भेगांत आणि बीजनलिकेतही तरंगताना दिसले तर सावध व्हायचं. खरा पुंजका वाहिनीच्या भिंतीला चिकटतो, तिचा आकार घेतो, आणि भोवती बहुधा लिम्फोसाइट जमलेले असतात.

पट्टी आणि प्रथिन एकत्र येतात ते याच फिगो २०२३मध्ये. पोल-ईमधला रोगकारक बदल सापडला आणि आजार गर्भाशयाच्या शरीरापुरता किंवा ग्रीवेपर्यंतच असेल, तर शिरकाव कितीही खोल असला, वाहिन्या कितीही भरलेल्या असल्या, तरी टप्पा आयए, म्हणजे सर्वांत सुरुवातीचा. पी५३ असामान्य असेल आणि स्नायूत एक मिलिमीटर जरी शिरकाव असला, तर टप्पा थेट आयआयसी. तिथं ३६ टक्के की ५९ टक्के हा वाद उरतच नाही, 'आहे की नाही' एवढाच प्रश्न राहतो. आणि सिरस गाठ तर स्नायूला हातही न लावता, अस्तराच्या पृष्ठभागावर राहूनच पेरिटोनियमवर पसरू शकते. एकाच गाठीत पोल-ई बदल आणि असामान्य पी५३ दोन्ही आढळले तर तिला पोल-ई गटात धरतात, कारण पी५३चा बदल बहुधा नंतर आलेला असतो. मिसमॅच रिपेअर हरवलेल्या गाठीत पी५३ असामान्य निघालं, तर तिलाही मिसमॅच रिपेअरच्याच गटात धरतात. म्हणजे पोल-ई न तपासता नुसत्या पी५३वरून टप्पा लिहिला, तर काही जणींना गरजेपेक्षा जड उपचार मिळू शकतात. तपासणी झाली नसेल तर रिपोर्टात 'पोल-ई तपासलेलं नाही' हे तीन शब्द लिहायला काही लागत नाही.

कामाच्या क्रमावर याचा परिणाम होतो. पी५३ आणि मिसमॅच रिपेअर क्युरेटिंगवरच (शस्त्रक्रियेआधी खरवडून काढलेल्या तुकड्यांवर) लावून ठेवावेत. ते छोटे तुकडे लगेच आणि नीट फिक्स होतात, स्टेन स्वच्छ येतो, आणि निकाल नंतरच्या गर्भाशयाशी बहुतेक वेळा जुळतो. क्युरेटिंगमध्ये पी५३ असामान्य निघालं आणि काढलेल्या गर्भाशयात डोळ्यांना गाठ जेमतेम दिसत असेल, तर दोन-चार नमुन्यांवर भागवू नये. संपूर्ण अस्तर खालच्या स्नायूसकट ब्लॉकमध्ये घालावं, वीस कॅसेट लागल्या तरी लागू द्याव्यात, आणि संशयाच्या ब्लॉकचे आणखी खोल सेक्शन मागवावेत.